स्प्रे मारून खेळवलेला गुडघा

नवीन पनवेलला स्टेशनबाहेर माझ्या स्कूटरचं पंक्चर काढणारा तो माणूस आपल्या गावच्या कबड्डी संघावर कायम भडकलेला असायचा. परवा तर फारच. त्यांच्या हुकमी चढाईपटूचा गुडघा सुजलाय आणि संघवाले नुसता दुखण्यावरचा स्प्रे मारून त्याला खेळवतायत.

"पंक्चर टायरवर तुमी गाडी हाकता काय? नाय ना? मंग त्या पोराला बसवा ना घरी म्हैनाभर!" ट्यूब पाण्यात दाबत तो माझ्यावरच ओरडला.

टायर चढवताना मात्र तो कण्हला. त्याचं उजवं मनगट टम्म सुजलं होतं.

"मग तुम्ही का नाही बसत घरी?" मी विचारलं.

"बसलो असतो की. पन माज्या टीममदी राखीव कोन हाय?"

आणि फळीवरचा तसलाच स्प्रे उचलून त्याने मनगटावर मारला.