बेल वाजली की आई थांबायची

ताई कवळ्या बनवायची. तीन डेंटिस्टांचं काम तिच्याकडे यायचं. मेणात एकेक दात बसवताना तिचा हात कधी हलायचा नाही. त्या दिवशी मात्र पुढचे दोन दात तिसऱ्यांदा वाकडे बसले. सकाळीच धाकट्या भावाचा फोन आला होता. आईच्या आजाराला डॉक्टरांनी नाव दिलं होतं: व्यक्तिमत्त्वाचा विकार.

"बघ, म्हणजे तिचा दोषच नव्हता," भाऊ म्हणाला. "उगाच आपण मनात धरून बसलो."

"आपण नाही, मी."

भावाच्या वाट्याला आईचे लाड आले होते आणि ताईच्या मनगटावर तापलेली इस्त्री. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. का, तर आई आरशात बघत असताना ती हसली.

भाऊ दोन महिने परगावी निघाला, म्हणून आई ताईकडे आली. आजारी माणसाला वाऱ्यावर थोडंच सोडायचं! पहिला आठवडा आई शहाण्यासारखी वागली. गोळ्या वेळेवर घ्यायची, ताईच्या लहान मुलीची वेणी घालायची. ताईचा जीव मात्र टांगणीला लागलेला.

गुरुवारी काम लवकर उरकलं. ताईनं दाराला किल्ली लावली आणि आतला हळू, गोड आवाज तिच्या कानावर आला.

"तुझ्या आईला तू नकोच होतीस. मला सांगितलंय तिनं. पण तिला विचारू नकोस हं, निघून जाईल ती."

ताईच्या लहानपणी आईनं हेच तिला बाबांबद्दल सांगितलं होतं. ती तशीच दार ढकलून आत जाणार होती. पण तिनं किल्ली काढून घेतली आणि बेल दाबली.

"अगंबाई, कोण आलं बघू!" आवाज एका क्षणात बदलला. दार उघडलं तेव्हा आई तोंडभर हसत होती. मागे मुलगी अर्धवट वेणी घेऊन पुतळ्यासारखी बसली होती.

ताईनं तिला उचलून शेजारच्या काकूंकडे नेलं. जिन्यातच बसून सांगितलं, "आजी खोटं बोलली. तू मला हवी होतीस. काय वाटेल ते विचार, मी कुठ्ठे जात नाही."

मग ती परत आली.

"मी आजारी आहे," आई म्हणाली. "डॉक्टरांना विचार."

"आहेसच. गोळ्या मी आणीन, दवाखान्यात मी नेईन. पण बेल वाजली आणि तू थांबलीस, आई. माझ्या लहानपणीही बेल वाजली की थांबायचीस. म्हणजे थांबता येत होतं."

"लहानपणापासून अशीच तू. डूख धरणारी."

दुसऱ्या दिवशी ताईनं डॉक्टरांना गाठलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "त्यांना स्वतःला आवरणं फार जड जातं, हे खरं. पण अशक्य नाही. आणि मुलीला त्यांच्यापाशी एकटीला ठेवू नका."

ताईनं पलीकडच्या गल्लीत आईला खोली घेऊन दिली. भावानं आकांडतांडव केलं, चार महिने बोलणं टाकलं.

दर शनिवारी ताई औषधं घेऊन जाते. आई उणंदुणं काढते, कधी रडते.

"नातीला एकदा आण ना गं."

"आधी कबूल कर, की तू तिच्याशी खोटं बोललीस."

आई भिंतीकडे तोंड फिरवते. ताई आठवड्याच्या गोळ्या डबीत भरते, पाण्याचा तांब्या जवळ ठेवते आणि निघते. आईनं अजून ते कबूल केलेलं नाही.