ब्राझीलच्या यादीकडे डोळे लावलेला आमचा मजला

लालबागच्या आमच्या चाळीत माझे किस्से न ऐकलेला माणूस उरला नाही, तेव्हा मी ब्राझीलकडे वळलो. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. निवृत्तीनंतर मी गॅलरीत खुर्ची टाकली, की माणसं पुढचा जिना सोडून मागच्या जिन्याने घरी जायला लागली होती. बायको म्हणाली, "आता कोणी परदेशी बघा. ज्याला अजून तुमचा अनुभव नाही असा."

मोबाइलवर इंग्रजी संभाषणाचा सराव करणाऱ्यांची एक जागा सापडली. तिथे मी माझी माहिती लिहिली: इंग्रजीचा तेहतीस वर्षांचा अनुभव. खोटं एक अक्षर नाही. तेहतीस वर्षं मी ऑफिसात इंग्रजी पत्त्यांच्या पाकिटांवर तिकिटं चिकटवली.

त्या तेहतीस वर्षांना भुलून ब्राझीलमधली एक बाई आली. चाळिशीची. दुकानात गल्ल्यावर बसायची आणि कोर्टातल्या कारकुनाच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणार होती. कायदा तोंडपाठ, गणित पक्कं, पण दोन्ही वेळा इंग्रजीने बुडवलं होतं. या वेळी लागली, तर आजारी आईच्या गावातल्या कोर्टात काम मिळणार होतं. हे तिने पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत सांगितलं. मी त्यावर पाऊण तास बोललो.

आमची वेळ दुपारी साडेतीनची, तिच्याकडे तेव्हा सकाळचे सात. ती मला 'प्रोफेसर' म्हणायची. आयुष्यात कोणी मला 'साहेब' म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्या एका शब्दासाठी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. खाली लेंगा.

इंग्रजीचा पेपर दिसायला अगदी साधा. इंग्रजीत एक उतारा आणि त्याखाली त्यांच्या पोर्तुगीजमधली विधानं. ती विधानं बाई मला इंग्रजीत करून सांगायची. प्रत्येक विधान उताऱ्याप्रमाणे बरोबर की चूक, एवढंच ठरवायचं. गोम एकच. एक उत्तर चुकलं की बरोबर आलेल्यातलं एक कापलं जातं. कोरं सोडलं तर नुकसान नाही.

कोरं सोडणं! आमच्या सात पिढ्यांत कोणी कोरं सोडलेलं नाही.

पहिला उतारा एका बेकरीवाल्याचा होता. त्याने शुक्रवारी दुपारीच दुकानाला कुलूप लावलं आणि हातात एक बॅग घेऊन तो स्टेशनकडे चालत गेला. विधान असं: बेकरीवाला गाव कायमचं सोडून चालला होता.

"बरोबर!" मी गरजलो. चिवडा गल्लीत ऐकू गेलं असेल. "भर दुपारी कुलूप लावलंय, बाई! धंदा बसलाय. भावाने फसवलंय. बॅग एकच का, तर बाकी सगळं बायको घेऊन गेली!"

"प्रोफेसर, भाऊ कोणत्या ओळीत आहे?"

"ओळीत नसतो हो तो. ओळींच्या मधे असतो."

तिने बिचारीने 'बरोबर' लिहिलं. उत्तर 'चूक' होतं; उताऱ्यात जे नाही, ते चूकच. असे पंधरा दिवस गेले. मग तिने एक सराव परीक्षा सोडवली. मी यायच्या आधी ती दहापैकी सहा विधानं सोडवायची, पाच बरोबर, एक चूक, हातात चार. माझ्या शिकवणीनंतर तिने दहाच्या दहा बेधडक सोडवली. पाच बरोबर, पाच चूक. हातात शून्य.

"आधी चार मिळायचे," ती हळूच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

त्या दिवशी मी जेवलो नाही. बरं, एक भाकरी कमी खाल्ली. बायको कोलंबी सोलत बसली होती. तिला मी बेकरीवाल्याची करुण कहाणी ऐकवली. तिने मान वर न करता विचारलं, "ह्यात त्यांचं किती नि तुमचं किती?"

मी नुसता उतारा मराठीत सांगितला. मग विधानं. सातवी शिकलेली बाई, कोलंबीचे दोरे काढता काढता उत्तरं देत गेली: "हे आहे. हे नाही. ह्याचं काही सांगितलेलंच नाही." दहापैकी नऊ. दहाव्याला म्हणाली, "नक्की नाही, सोडा."

"तुला कसं गं कळतं?"

"एकतीस वर्षं झाली संसाराला. गोष्ट कुठे संपते नि तुम्ही कुठे सुरू होता, ते मला झोपेतसुद्धा कळतं."

दुसऱ्या दिवसापासून मोबाइलसमोर दोन खुर्च्या आल्या. बढती होऊन प्रोफेसरचा दुभाष्या झाला. मी उतारा मराठीत करायचा, बायको त्यातलं काय धरायचं नि काय सोडायचं ते सांगायची, ते मी इंग्रजीत पोचवायचं. मी मधे जरा मीठमसाला घातला, की बायकोला इंग्रजी न कळताही कळायचं. "मी चार शब्द बोलले. तुम्ही अजून बोलताय कसे?" मग माहेरच्या मालवणीत, "गप रवा बघू!" पलीकडे बाई पोट धरून हसायची. हळूहळू तीही उताऱ्यावर बोट ठेवून, बायकोच्याच थंडपणे विधानं सोडवायला लागली. शून्याचे पाच झाले, पाचाचे सात.

परीक्षा झाली. निकालाच्या दुपारी बायको भाजी आणायला गेली होती आणि निरोप आला. पहिली ओळ: 'इंग्रजीत सात. मी पास झाले.'

पुढच्या ओळी वाचायला वेळ कोणाला होता? लेंग्यावरच खाली धावलो, पेढे आणले, मजल्यावरचं एकेक दार वाजवलं.

"कोण लागलं रे?" शेजारच्या काकींनी विचारलं.

"आमची बाई! ब्राझीलच्या कोर्टात! जज्ज!"

बायको पिशवी घेऊन जिना चढेपर्यंत चौघांनी हात जोडून तिचं अभिनंदन केलं होतं. तिने पिशवी ठेवली. "निरोप वाचा. सगळा."

वाचला. जागा सहाच होत्या. बाई प्रतीक्षा यादीत एकेचाळिसावी होती. जागा रिकामी झाली की क्रमाने बोलावणार, आणि यादी दोन वर्षं चालणार. त्याच्याखाली दोघांचे आभार, आणि आईला अजून काही सांगितलेलं नाही, हे.

पेढे परत मागता येत नाहीत. पेढे खाल्लेली माणसं मात्र चौकशी करतात. आता कोर्टाची ती यादी मी रोज साडेतीनला उघडतो. पोर्तुगीज ओ की ठो कळत नाही, कितव्या नंबरापर्यंत बोलावलं, तो आकडा तेवढा कळतो. पंधरा, बावीस, मग तीन महिने काहीच नाही, मग एकदम एकतीस. मजल्यावर सगळ्यांना पाठ आहे.

काल काकींनी गॅलरीत अडवलं. "काय रे, घेतलं का आपल्या बाईला?"

"सदतीस झाले, काकी. ती एकेचाळीस."

"म्हणजे लागणारच की!"

आत बायकोचं लाटणं थांबलेलं मला ऐकू आलं.

"ते अजून कळलेलं नाही," मी म्हटलं.