आबासाहेबांसमोरून बसून

“फटफटी बंद कर. उतर. ढकलत आण हितवर.”

पेट्रोल पंपाच्या पत्र्याखाली खुर्ची टाकून बसलेला माणूस मला सांगत होता. मी रस्त्यावरून आत वळतच होतो. मागं बसलेली माझी आई गाडी नीट थांबायच्या आतच खाली उतरली. पायातल्या चपला काढून तिनं हातात घेतल्या, पदर डोक्यावरून पुढं ओढला. मे महिन्याचं ऊन. डांबर पाघळलेलं. त्यावर आई अनवाणी उभी.

त्या माणसाला सगळे आबासाहेब म्हणायचे. पाटाखालचा सगळा ऊस त्याचा, पंपही त्याचाच. हे गाव आईचं माहेर. लग्न होईपर्यंत ती याच्याच उसात राबली. आता तिथं आमचं कुणी उरलं नव्हतं. आम्ही म्हसवडकडून पलूसला निघालो होतो, आजारी मावशीला बघायला. मी लष्करात गाड्या दुरुस्त करायचो. पगारातून शिल्लक टाकून जुनी फटफटी घेतली होती आणि आई जन्मात पहिल्यांदा तिच्यावर बसली होती. विट्यापर्यंत माझा खांदा धरून नुसती हसत होती. “हळू रं, माझा पदर उडतोया!” त्या साली पेट्रोलची मारामार. विट्याच्या पंपावर ‘पेट्रोल नाही’ अशी पाटी लागलेली. म्हणून इथं थांबावं लागलं.

महारवाड्यातल्या माणसानं आबासाहेबासमोरून बसून जायचं नाही. बैलगाडी असो, सायकल असो. खाली उतरायचं, पायताण हातात घ्यायचं, तो नजरेआड झाला की पुन्हा चढायचं. हे मी आईच्या तोंडून ऐकलं होतं. पण देशाच्या सरहद्दीवर नोकरी करून आलेल्या माणसालाही ते लागू आहे, हे मला त्या दुपारी कळलं.

आईनं माझ्या दंडाला हात लावला. “ढकल रं. दोन पावलं तर हायती.”

मी ढकलली.

“कुणाची गं तू?” आबासाहेबानं विचारलं.

“सखाची लेक जी, आबासाब.”

“आन् ह्यो?”

“माझा ल्योक. मिल्ट्रीत असतो.”

“मिल्ट्रीत असू दे न्हाईतर दिल्लीत. हितं आला की उतरायचं.”

आईनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, “आबासाब, वाईच पाणी मिळंल का? घशाला लय कोरड पडलीया.”

सावलीत पाण्याचा माठ होता. एक ट्रक ड्रायव्हर त्यातलंच पाणी पेल्यानं पीत उभा होता. आबासाहेबानं पंपावरच्या गड्याला सांगितलं, “त्या डबड्यातलं वत.”

ते डबडं ट्रकच्या रेडिएटरमध्ये पाणी घालायचं. गंजलेलं, कडेनं वंगण लागलेलं. माझी आई जमिनीवर उकिडवी बसली, ओंजळ पुढं केली आणि गड्यानं वरून धार सोडली. ती प्यायली. गटागटा प्यायली, कारण तहान खोटी नव्हती. उठली तेव्हा तिच्या हनुवटीवर वंगणाचा तवंग चमकत होता. पदरानं पुसून ती म्हणाली, “लय उपकार झालं जी.”

माझं डोकं सणकलं. गडी पेट्रोलची नळी घेऊन टाकीजवळ आला होता.

“नको,” मी म्हणालो. “ह्याचं पेट्रोल मला नको.”

आबासाहेब हसला. “मग काय मुतून चालवतोस व्हय गाडी? म्होरं पलूसपतोर पंप न्हाई.”

मी ते डबडं उचललं आणि उरलेलं पाणी त्याच्या खुर्चीच्या पायाशी ओतलं. त्याचं धोतर भिजलं. तो ताडकन उठला.

“माजलास व्हय रं?”

“व्हय,” मी म्हणालो.

डबड्यात पाण्याऐवजी पेट्रोल हवं होतं, असं तेव्हा मनात आलं. आजही येतं. ते मी झाकून ठेवत नाही.

गाडी रस्त्यावर काढली. आई अजून अनवाणीच. त्याच्या डोळ्यादेखत मी थांबलो. म्हणालो, “आई, तू चपला घातल्याबिगर मी पाऊल उचलायचा न्हाई.” तिनं मागं वळून बघितलं. मग तिनं चपला खाली टाकल्या आणि पाय सरकवले.

टाकीतले उरलेसुरले थेंबही संपले होते. पुढच्या गावापर्यंत ढकलत गेलो. हँडल तव्यासारखं तापलेलं, अंगातला सदरा भिजून चिंब. आई मागून जोर लावत होती. त्या गावात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानातल्या मुलाणी चाचांनी बाटलीतलं पेट्रोल दिलं, आईपुढं तांब्या ठेवला. आईनं तो तोंडाला लावला, रिकामा केला आणि कितीतरी वेळ तसाच हातात धरून बसली.

किक मारली. गाडी पलूसकडं वळवणार, तेवढ्यात आई मागं बसत म्हणाली, “माघारी घे.”

“आन् मावशी?”

“ती थांबंल. आदी माघारी घे.”

पंपाकडं जायचं म्हणजे त्याच्यासमोरून एकदा जायचं आणि पलूसला यायला पुन्हा एकदा. आईला ते पक्कं ठाऊक होतं.

तो खुर्चीतच होता. मी गाडी पहिल्या गिअरवर आणली.

“वाजीव,” आई म्हणाली. मी हॉर्न दाबून धरला. आई ताठ बसली होती, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेलेला. तिनं तो सावरला नाही. पत्र्यासमोर आलो तशी ती ओरडली, “आबासाब! सखाची लेक बसून चालली! डोळं भरून बघा!”

पुढं जाऊन वळलो. परतताना दोन गडी काठ्या घेऊन रस्त्यावर आले होते. मी वेग कमी केला नाही, त्यांनाच बाजूला व्हावं लागलं. मागून आलेला दगड मडगार्डवर बसला. आई दचकली, पण उतर म्हणाली नाही. पलूस दिसायला लागल्यावर तिनं एकच विचारलं.

“तुजी म्होरली रजा कवा?”

मडगार्डचा तो पोचा ठोकून काढायला मला किती वेळ लागला असता? मी काढला नाही. त्याच दिवशी ठरवलं. प्रत्येक रजेला टाकी दुसरीकडं भरायची, आईला मागं बसवायचं आणि त्याच्यासमोरून हॉर्न वाजवत जायचं. तो खुर्चीतून उठून घरात तोंड लपवीपर्यंत जायचं. उद्या तो मेला तर त्या खुर्चीवर त्याचा पोरगा बसेल.

त्याच्यासमोरूनही जायचं. बसून.