मुठीवरचं सोन्याचं पान

ऐका ना, ती तलवार साधीसुधी न्हवती! मुरुडच्या एका काकांच्या घराण्याला निजामाच्या दरबारातून मानाची मिळालेली. पोलादी मुठीवर सोन्याच्या तारेची फुलं-पानं, आन त्यातलं एक पान झिजून गायब. दसऱ्याला अख्ख्या भावकीसमोर पूजा, म्हणून काका ती घेऊन नांदेडला आमच्या दुकानात आले. तलवारी बनवणं आमचं पिढ्यांचं काम. आता जास्त खपतात त्या नवरदेवाच्या हातातल्या. खऱ्या सोन्याचं काम लई दिवसांनी आलेलं!

पण अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ते सरळ म्हणले, "पान माझी बेटी बसवंल."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी नेमकी मोबाईलवर टाइप करून राहिले होते.

"हिला जमंल? उस्ताद, भावकीत तोंड दाखवायचं हाय मला."

"न्हाई जमलं तर मुरुडला येऊन मी दाखवतो की तोंड."

"मग मी हितंच बसतो," म्हणून काकांनी स्टूल ओढला.

आधी सुरीनं पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारायच्या. मूठ जरा तापवायची. मग केसाएवढी सोन्याची तार त्या रेघांवर हळूहळू ठोकत न्यायची, शेवटी गुळगुळीत दगडानं घासायची. आमच्यात परीक्षा एकच. वरून मलमल फिरवायची. अटकली तर तार उखडून परत बसवायची. पण हितं उखडली असती तर शेजारची जुनी पानंबी गेली असती! माझ्या तळहाताला असा घाम, हातोडी दोनदा ओढणीला पुसली.

"पोरी, श्वास तरी घे," काका म्हणले.

पान बसवून झालं. काकांनी स्वतःच्या फेट्याचं टोक सोडलं आन मुठीवरून ओढलं. एकदा. उलटं एकदा. सर्रकन् गेलं! कुठंच अटकलं न्हाई!

"उस्ताद, ह्यातलं नवं कोणतं?"

अब्बांनी मूठ डोळ्यांजवळ नेली, अंगठा फिरवला, छाती फुगवली. "हे बघा. माझ्या बेटीचा हात!"

बोट जुन्या पानावर होतं.

काका "वा, वा" करत त्याच पानावरून हात फिरवून राहिले. मी नुसती हसू दाबून उभी. दरबारच्या कारागिराचं पान माझ्या नावावर गेलं, आन माझं त्याच्या!