नळावर घासलेली मेंदी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दुधाची पिशवी आधी नाकाशी धरून मगच घरात नेणारी एकच बाई, दुसऱ्या मजल्यावरची दीपाली. भेंडीचं टोक न् टोक मोडून बघते आणि भाजीवाल्याची बोलणी खाते. तिला नावं ठेवणं सोपं आहे. पण नवऱ्याची, अभयची, नोकरी गेली तेव्हा तो वर्षभर रोज डबा घेऊन बाहेर पडत होता आणि हिला पत्ता नव्हता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आता घटस्फोटाची केस आहे. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, सात वर्षांच्या लेकीने, मैत्रीने, कधी कुणाकडे राहायचं ते दोघांनी ठरवून लिहून आणा. अभयने शनिवारची रात्र मागितली, हडपसरला, त्याच्या घरी.

"रात्रच का हवी?" दीपाली मला म्हणाली. "काकू, नक्की काहीतरी शिजतंय."

शेवटी एक शनिवार पाठवून बघायचं ठरलं.

रविवारी संध्याकाळी अभय मुलीला गेटवर सोडून गेला. मी तळमजल्यावरची, मला सगळं दिसतं. पोरगी वर गेलीच नाही. पार्किंगच्या नळाखाली काथ्याने तळहात घासत बसली. हातभर मेंदी होती.

"अगं, अशी जाते का मेंदी?"

"आम्रपाली आत्याने काढली. आई विचारेल, अजून कोण होतं, काय बोलले. मग बाबांशी भांडेल. मग मला परत पाठवणारच नाही."

हात सोलवटून निघाले होते. मला दीपालीचा राग आला, चांगलाच.

मैत्रीला घेऊन मी वर गेले. दीपालीने दार उघडलं, हात पाहिले आणि "कोणी..." म्हणाली.

"एक शब्द विचारू नकोस," मी म्हटलं आणि नळावरचं सगळं सांगितलं. ती आत गेली. मग खोबरेल आणून लेकीच्या हातांना लावत राहिली.

पुढच्या तारखेला तिने शनिवारची रात्र मान्य केली आणि स्वतःहून एक अट घातली: मुलगी परत आली की तिकडचं काही विचारायचं नाही, दोघांनीही. अभयने म्हणे वकिलाला हळूच विचारलं, "यात हिचा डाव काय?"

त्यानंतरच्या रविवारी मैत्री नळाकडे न वळता जिना चढली. माझा दीपालीवर भरवसा नव्हता, म्हणून साखर मागायच्या निमित्ताने मीही मागोमाग गेले. दीपालीने सरबत दिलं आणि गप्प बसली. जिभेवर आलेलं ती गिळत होती, ते दिसत होतं.

मैत्री आईचं तोंड निरखत राहिली. सरबताला तिने हातही लावला नाही.

"आई, तू काहीच का विचारत नाहीस? म्हणजे आता मला पाठवणार नाहीस?"