गोकुळाबाईच्या दारावरची तारीख

गोकुळाबाई आमच्या गावची आशा सेविका. धानोऱ्याच्या रस्त्याचं काम निघालं, गावाला लागून मजुरांची वस्ती वाढत गेली, तेव्हा यादीत नसलेल्या त्या झोपड्यांना नंबर देत फिरणारी ही एकटीच. मी उपकेंद्रातला आरोग्यसेवक. तिच्या वहीवर सही करणं एवढंच माझं कर्तृत्व.

कुणाला ताप दिसला की ती बोट टोचून तपासायची. मलेरिया निघाला तर गोळ्या द्यायची आणि चौकटीवर गेरूने तारीख लिहायची, म्हणजे पुढच्या फेरीत विसर पडायला नको. लोकांना ती तारीख अपशकुनी वाटे. बाया मागाहून शेणाने सारवून टाकत. "पुसल्यानं ताप जाते काय वो?" म्हणत ती पुन्हा लिही. भारी हट्टी बाई!

त्या पावसाळ्यात तिनेच मला वही उघडून दाखवलं. ताप वस्तीतून निघून तलावाच्या कडेकडेने तिच्याच ढिवर मोहल्ल्याकडे सरकत होता.

"भाऊ, पुढचा आठवडा आमच्या गल्लीचा," ती म्हणाली. मी हसलो. वर कळवायला मी आणखी चार दिवस लावले, हेही सांगून टाकतो.

त्याच आठवड्यात तिच्या लेकीचं, आचलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. आदल्या दिवशी पोरीला हुडहुडी भरली. नवरा बाबुलाल म्हणाला, "टोचून पाह्य ना."

"टोचलं अन् निघालं तं लिहा लागते. लोकाच्या दारावर लिहिलं, मंग आपलं दार कसं सोडू? उद्या पाहुणे येऊन राह्यले. तारीख पाहून उठून जातीन. दमली हाय पोरगी."

तापाची साधी गोळी देऊन दुसऱ्या दिवशी तिने आचलला पाटावर बसवलं. पाहुणे जेवून, खूश होऊन गेले.

तिसऱ्या दिवशी आचल आईला ओळखेना. ताप मेंदूत चढला होता. गडचिरोलीच्या वाटेवर गाडीतच ती गेली.

तेरवीनंतर गोकुळाबाई वही घेऊन आली. शेवटच्या ओळीत आचलचं नाव, ताप आल्याची खरी तारीख, आणि तपासणीचा रकाना रिकामा.

"बाई, तारीख बदलून टाकू," मी म्हणालो. "एकाएकी ताप चढला, असं लिहू." मला तिला वाचवायचं होतं, थोडं स्वतःलाही.

"काऊन? आशा घरातच होती. तिनं टोचलं नाई. तसंच लिहा."

मी तसंच लिहिलं. खाली सही केली.

घरी जाताना तिच्या दारावरून गेलो. चौकटीवर गेरूने तारीख लिहिलेली होती, साक्षगंधाच्या आदल्या दिवसाची.