आपला दिवा कोणता

पनवेलमध्ये तेव्हा एकही सिग्नल नव्हता, त्यामुळे मुंबईचे दिवे मी नाक्यावर चहा पिता पिता तोंडीच शिकलो. सातवीत शाळा सोडून खानदेशातून आलेल्या मला ज्यांनी ट्रक चालवायला शिकवलं, ते उस्ताद इथलेच आगरी. ते म्हणाले, "चौकात चारी बाजूंना दिवे असतात. जो तुज्या तोंडाकडं बगतो, तोच तुजा. बाकीच्यांकडं बगायचं नाय."

मला ते खरं वाटेना. लाल दिसत असताना गाडी न्यायची? याच नाक्यावरच्या ड्रायव्हरांनी मला एकदा हॉर्नचं तेल, जे कुठंच मिळत नाही, आणायला बाजारभर हिंडवलं होतं, आणि तेव्हा उस्तादही हसले होते. चुकलो तर नवं लायसन जाणार, आणि घरी काय तोंड दाखवू?

उस्तादांना शेजारी बसवून तांदळाची पोती घेऊन पहिल्यांदा मुंबईत शिरलो. चौकात समोरचा दिवा हिरवा झाला, पण आडव्या रस्त्याचा लाल दिसत होता. मी हललो नाही. मागे हॉर्नचा कल्ला उठला. हवालदार आला.

"झोपलास काय रे? हिरवा दिसत नाही?"

"पण साहेब, तो लाल..."

"तो त्या रस्त्याचा! तुझा हा समोरचा!"

मी उस्तादांकडे संशयाने पाहिलं.

"आता हवालदार पन मला सामील हाय म्हनशील?"

लायसन न मागताच हवालदार वळला. सुटलो म्हणत मी गियर टाकला, तेवढ्यात समोरचा दिवा लाल झाला. मी ब्रेक दाबला. मागचे शिव्या देऊ लागले.

"देऊ दे त्यांना," उस्ताद म्हणाले. "आता बरोबर थांबलास."